निसण्याला न लागलेले हात

वस्तऱ्याला धार नीट बसली की नाही हे डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतं. हे मी बोलले की आमच्या सोसायटीतल्या बायका हसतात. तुम्हाला हो काय माहीत, म्हणतात. मला माहीत आहे. वस्तरा दगडावर पहिल्यांदा टेकतो तेव्हा खरखरतो. मग पाणी घालत, पालटत पालटत नेला की तो आवाज बारीक होत जातो आणि शेवटी जवळजवळ ऐकू येईनासा होतो. तिथे थांबायचं. त्याच्या अलीकडे थांबलं तर वस्तरा डोक्यावर ओढतो, आणि हौसेनं आणखी चार हात मारले तर आलेली धार जाते. हे थांबणं ज्याला कळतं त्याचा हात चांगला, असं आमच्या न्हावी लोकांत म्हणतात. माझा हात चांगला होता. स्वतःच्या तोंडानं सांगते आहे, कारण दुसऱ्या कुणी कधी चारचौघांत सांगितलं नाही. ज्यांनी सांगायचं त्यांनी काय केलं, तेच आज लिहायला बसले आहे.

आमचं घर पंचवटीत, गंगेवरून वर चढणाऱ्या एका बोळात. घर म्हणजे पुढची खोली, मागचं स्वयंपाकघर आणि मधे एक पडदा. गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा, एवढं आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. आम्ही गंगाच म्हणायचो. आबा, म्हणजे माझे वडील, रामकुंडाच्या अलीकडे घाटावर बसायचे. दुकान नाही, आरसा नाही, खुर्ची नाही. एक पोतं, पाण्याची पितळी वाटी आणि वस्तऱ्यांची धोकटी. लेकरांची जावळं असायची, त्र्यंबकला निघालेल्या यात्रेकरूंची मुंडणं असायची, पण सगळ्यात जास्त काम दहाव्याचं. चांदवडकडून, मालेगावकडून, पार खानदेशातून माणसं यायची. बाप गेलेला, डोळे सुजलेले, आबांच्या पुढ्यात मान खाली घालून बसायची. आबा म्हणायचे, रडणाऱ्या माणसाचं डोकं हलतं, म्हणून वस्तरा असा पाहिजे की फिरलेला त्याला कळता कामा नये. बाप गेल्याचं दुःख काय कमी असतं, त्यात आपण आणखी कशाला रक्त काढायचं.

दुपारी आबा घरी आले की आधी दारातल्या दगडावर अंघोळ, मगच आत. तोवर आईच्या भाकऱ्या चालू असायच्या. तिचा हात जड आणि बांगड्या भरपूर, त्यामुळे आमच्या घरी भाकरी थापली की सगळ्या बोळाला कळायचं. शेजारची काकू म्हणायची, तुमच्याकडे किती जण जेवायला आहेत ते मी भिंतीला कान न लावता सांगते. बाजरीची भाकरी, बुधवारच्या बाजारातली वांगी, लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी, आणि थंडीत हुलग्याची शेंगोळी. शेंगोळी वळताना आई मला जवळ बसवून घ्यायची आणि माझी वळून झाली की सगळी पुन्हा वळायची. पावसाळ्यात पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की घाट बुडायचा, आबा घरी बसायचे, आणि आबा घरी बसले की आईचं डोकं फिरायचं. पुरुष माणूस दिवसभर घरात असला की भांडीसुद्धा जास्त पडतात, असं तिचं म्हणणं होतं. माझा भाऊ बाळू माझ्याहून मोठा. तो घरात फक्त जेवायला आणि सायकल पुसायला यायचा.

आणि घरात निसणा होता. निसणा म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड. तसे दगड सगळ्यांकडेच असायचे, पण आमच्यासारखा घाटावर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. वीतभर लांब, चार बोटं रुंद, कोरडा असताना राखाडी आणि ओला केला की हिरवट काळा. माझे आजोबा देवळालीच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या दाढ्या करायचे. त्यातला एक साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं हा दगड आजोबांना दिला, सागवानी पेटीसकट. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगरातून तो चिरून काढलेला म्हणे. खरं खोटं देव जाणे. आमच्या घराण्यात प्रत्येक चांगली वस्तू साहेबानं दिलेली असायची आणि प्रत्येक वाईट गोष्ट भाऊबंदांनी केलेली. पण दगड होता मात्र जातिवंत. त्याच्यावर बोट फिरवलं तर खरखर लागायची नाही, धुतलेल्या पाटीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. वापरून वापरून दगडाचं पोट खोल जातं आणि मग वस्तरा सपाट टेकत नाही, म्हणून मधून मधून तो शहाबादी फरशीवर पाणी घालून घासायचा, पुन्हा सपाट करायचा. निसणा उसना द्यायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, त्याला तेल दाखवायचं नाही. आणि बाईनं त्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तोच वस्तरा जावळालाही जातो आणि दहाव्यालाही, बाईच्या हातची धार डोक्याला बाधते, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणत. बाईच्या हातची भाकरी दोन वेळा खाऊन कुणाला कधी बाधलेली मी पाहिली नाही, पण ते असो.

एका पावसाळ्यात आबा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. हाडवैद्यानं बसवलं ते जरा वाकडंच बसलं. डोकं करायला त्यांना अडायचं नाही, ते काम बोटांचं. पण निसण्यावर मनगट सरळ ठेवून, एका वजनानं, पुन्हा पुन्हा न्यावं लागतं, ते त्यांना जमेना. वस्तऱ्याच्या टोकाकडची धार राहून जायची. त्यांनी आधी बाळूला बसवलं. बाळू वस्तरा असा दाबायचा की आई आतून ओरडायची, कुणाचा गळा कापतोय रे. दोन वस्तरे त्यानं वाया घालवले आणि मग मला आयटीआयला जायचंय म्हणून मोकळा झाला. मी तेव्हा शेजारी बसून दगडावर पाणी सोडायचे. आबा कंटाळून म्हणाले, तू बघ गं जरा. मी वस्तरा हातात घेतला, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली, धारेच्या अंगानं पुढे सरकवला, पाठीवर पालटला आणि मागे आणला. आबांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते. आवाज बारीक झाला तशी मी आपोआप थांबले, आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं की तसं त्यांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मनगट मोडलं ते बरंच झालं म्हणायचं. नाहीतर हा हात घरात आहे हे मला कधी कळलं असतं?"

हे वाक्य मी किती दिवस चघळत होते ते सांगून कुणाला खरं वाटणार नाही. शाळेत आठवायचं, गंगेवर धुणं धुताना आठवायचं. आमच्या आईनं आयुष्यात माझं कौतुक केलं ते एवढंच, की पोरगी तोंडाळ आहे पण कामाला बरी. आबा तर बोलायचेच कमी. आणि त्या माणसानं माझ्यासाठी मोडलेल्या मनगटाला बरं म्हटलं होतं. मग रोज दुपारी जेवणं झाली की पुढचं दार लोटायचं, पडद्याआड पाट मांडायचा आणि मी बसायचं. आबा भिंतीला टेकून सुपारी कातरायचे आणि कानानं माझ्यावर लक्ष ठेवायचे. धार बघायची रीत म्हणजे वस्तरा डाव्या अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढायचा. सगळीकडे सारखा अडकला तर धार सारखी. त्यानं नखावर बारीक बारीक रेघा पडतात आणि पुसल्या जात नाहीत. शिवाय निसण्यावरचं काळं पाणी बोटांच्या कातडीत मुरतं. माझे हात असे झाले तेव्हा मैत्रिणी विचारायच्या, मी सांगायचे तवे घासते. आई नागपंचमीला मला मेंदी लावू द्यायची नाही. कशाला वाया घालवतेस, म्हणायची, दुपारी निसण्याचं पाणी लागलं की गेलीच ती. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मला माझी काळी बोटं आवडायची, बाकीच्यांची लाल असोत.

हळूहळू घाटावर बोलबाला झाला की मनगट मोडल्यापासून रंगनाथची धार उलट सुधारली. रंगनाथ म्हणजे आमचे आबा. बाकीचे लोक आपले वस्तरे त्यांच्याकडे लावायला देऊ लागले. त्यात सोपानकाका पहिले. हे आबांचे लहानपणापासूनचे मित्र, घाटावर त्यांच्या शेजारीच बसायचे. आमच्याकडे आले की दारातूनच हाक मारायचे आणि चहा घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. रंगनाथ, तुझी धार म्हणजे लोणी, असं म्हणायचे, आणि आतून ऐकताना माझा ऊर भरून यायचा. एकदा ते गेल्यावर मी आबांना म्हटलं, लोणी कुणाचं ते सांगा की एकदा त्यांना. आबा हसले. म्हणाले, दसऱ्याला सांगू. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, घाटावरचे सगळे जमतात, बायका मागच्या खोलीत असतात. आबा म्हणाले, या दसऱ्याला तुला पुढे बोलावीन, निसण्याला तुझ्या हातानं कुंकू लावू आणि सगळ्यांना सांगू हा हात कुणाचा. कोण काय करतंय बघू. मला दुसरं काही नको होतं. नवी साडी नको होती, बांगड्या नको होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी एकदा म्हणावं, ही धार हिची, एवढ्यासाठी मी दसऱ्याची वाट पाहत होते.

दसरा यायच्या आधी सोपानकाका आले. एका दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं, कडी लावायची राहिली होती, आणि हाक न मारता ते एकदम आत आले, कारण त्यांना घाई होती. पडदा वाऱ्यानं बाजूला झालेला. मी पाटावर, हातात त्यांचाच वस्तरा. त्यांनी पाहिलं, आबांनी त्यांना पाहताना पाहिलं. मी वस्तरा पुसून दिला. काकांनी तो नखावर ओढून बघितला, मान हलवली आणि निघून गेले. त्यानंतरही त्यांचे वस्तरे येतच राहिले, म्हणून मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं आणि आभाळ कोसळलं नाही.

आषाढात एका सकाळी सोपानकाका रात्रभर भजनाला जागून तसेच घाटावर येऊन बसले. डोळ्यांवर झोप. दहाव्याला बसलेल्या एका माणसाच्या डोक्याला त्यांच्या हातून चांगली चीर पडली आणि रक्त त्याच्या खांद्यावरच्या पंच्यावर आलं. बरोबरचे लोक खवळले. आधीच घरात सुतक, त्यात हा अपशकुन, असा आरडाओरडा झाला. गर्दी जमली. आणि सोपानकाकांनी, ज्यांनी आयुष्यभर आमच्याकडचा चहा प्यायला त्यांनी, सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या हाताचा दोष नाही. वस्तरा रंगनाथकडून लावून आणलाय, आणि रंगनाथच्या घरी निसण्यावर त्याची पोरगी बसते, मी डोळ्यांनी पाहिलंय. धारच बाधली.

आबांनी दुपारी घरी येऊन आईला हे सगळं हळू आवाजात सांगितलं. मी पडद्यापलीकडे तांदूळ निवडत होते, शब्द न् शब्द ऐकला. घाटावरचे सगळ्यात वयस्क म्हणजे तात्या. कुणी कुठे बसायचं ते त्यांच्या शब्दावर ठरायचं. तात्या म्हणाले होते की नागपंचमीला कामं बंद असतात, त्या दिवशी तुझ्या घरी येऊन काय ते विचारतो, आणि खरं निघालं तर तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. आई म्हणाली, आता हो काय करायचं. आबा म्हणाले, येऊ दे त्यांना. बस, एवढंच. आणि मी काय समजावं? मला वाटलं, ही आबांची हिंमत. आता दसऱ्यापर्यंत थांबायलाच नको, ते तात्यांच्या तोंडावर सांगणार. जागा गेली तर जाईल, दुसऱ्या घाटावर बसू, मी आहे ना धार लावायला. मनातल्या मनात मी तात्यांना उत्तरंसुद्धा देऊन ठेवली होती. पोर वय ते, पण मूर्खपणालाही काही सीमा असते.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आईनं मेंदीचा पाला आणला. स्वतः पाट्यावर वाटला, त्यात कात घातला, लिंबू पिळलं. मी म्हटलं, कुणाला? म्हणाली, तुला, आणखी कुणाला, एकुलती एक लेक आहेस. दुपारी तिनं मला समोर बसवलं आणि माझे हात आपल्या मांडीवर घेतले. शप्पथ सांगते, माझ्या आईनं माझे हात असे मांडीवर घेतलेले मला त्याआधी आठवत नाहीत. तळव्यावर मोठा गोल काढला, बोटांची टोकं भरली, पेरंसुद्धा भरली. डाव्या अंगठ्याच्या नखावर तिनं थर लावला, तो वाळल्यावर वरून दुसरा लावला. इतकी कशाला, म्हटलं तर म्हणाली, रंगू दे चांगली, लग्नाची झालीस. मधे एकदा माझ्या कपाळावरची बट तिनं मनगटानं मागे सारली. मला भरून आलं. मी तिला म्हटलं, उद्या तात्या आले की मी पण बाहेर येऊ? ती म्हणाली, बोलावलं की ये.

नागपंचमीला आमच्याकडे काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. विळी पालथी घालून ठेवलेली, धोकटी खुंटीला. त्या दिवशी भाकरीचा आवाज नसायचा म्हणून घर फार शांत वाटायचं. आईनं पुरणाची दिंडं उकडली होती, सगळ्या खोलीत हळदीच्या पानांचा आणि गुळाचा वास. दुपारी तात्या, सोपानकाका आणि आणखी दोघे आले, सतरंजीवर बसले. दिंडं खाल्ली, तुपाला नाही म्हटलं आणि घेतलं, गंगेला पाणी किती आलंय ते बोलून झालं. मग तात्यांनी विषय काढला. आवाज चढवला नाही. म्हणाले, रंगनाथ, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण लोकांना उत्तर द्यावं लागतं, तर एकदा खरं काय ते सांगून टाक.

मी पडद्यामागे उभी होते, पदर नीट करून. आबा उठले. सागवानी पेटी आणली, सगळ्यांच्या मधे ठेवली, उघडली आणि दगडावर उजवा हात ठेवला. ते वाकडं मनगट मला पडद्यामागून दिसत होतं. म्हणाले, "ह्या निसण्यावर हात ठेवून सांगतो, तात्या. माझ्या पोरीनं ह्याला कधी हात लावलेला नाही. कुसुम, ये गं बाहेर. दाखव तुझे हात."

मी बाहेर आले. कशी आले मला माहीत नाही. तात्यांनी चष्मा लावला. ते जुने न्हावी, त्यांना कुठे बघायचं ते बरोबर माहीत होतं. त्यांनी माझा डावा अंगठा धरला आणि उजेडाकडे वळवला. नख लालभडक. रेघ नाही, काही नाही. बोटंही लाल, पेरंही लाल. तात्या हसले, म्हणाले, मेंदी झकास रंगलीय, सासू प्रेमळ मिळणार. सगळे हसले. सोपानकाका खाली बघत होते. त्यांना बोलायला लावलं तेव्हा म्हणाले, चुकलं असेल माझं, आत उजेड कमी होता, बाळू बसला असेल. मी आईकडे पाहिलं. ती पडद्याशी उभी होती आणि तात्यांना आणखी एक दिंड वाढू का म्हणून विचारत होती.

तेव्हा मला कळलं की काल माझे हात मांडीवर कशासाठी घेतले होते.

हे मी माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं पण त्यांचा नाइलाज होता, पोटाचा प्रश्न होता. मला काय ते कळत नाही? घाटावरची जागा गेली असती तर चूल पेटली नसती, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. खोटं बोलायचं होतं ना, बोलायचं. पण मला आधी सांगायचं. कुसुम, असं असं आहे, उद्या आपल्याला खोटं बोलावं लागेल, एवढं म्हटलं असतं तर पाल्याला मीच गेले असते, मीच वाटली असती, मीच नखावर थर दिले असते, आणि तात्यांसमोर शपथसुद्धा मीच घेतली असती. त्यांनी मला त्यांच्या खोट्यातसुद्धा घेतलं नाही. माया केल्याचं सोंग करून माझे हात झाकले. आईचं घर सोडून मी आज म्हातारी झाले, तरी कुणी कपाळावरची बट सारली की मी मागे सरकते. नवऱ्यानं फार दिवस त्याचा अर्थ वेगळाच लावला.

ते लोक गेले. आबा त्यांना बोळाच्या तोंडापर्यंत पोचवून आले, चेहऱ्यावर सुटल्यासारखं. मला वाटलं आता तरी काही म्हणतील. ते दिंड खायला बसले. दिवेलागणीला सोपानकाकांचा धाकटा मुलगा आला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी देऊन गेला. सोपानकाकांचे वस्तरे. सकाळी लागणार होते. म्हणजे ज्यांनी मला पाहिलं, ज्यांनी माझ्यावर आळ घेतला, ज्यांनी दुपारी मी तिथे नव्हतेच म्हणून सांगितलं, त्यांनीच ते माझ्याकडे पाठवले होते. आणि हे त्यांना, आबांना, आईला, सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी पुढच्या दाराची कडी लावली, पेटी स्वयंपाकघरात आणून माझ्यापुढे ठेवली आणि पाट सरकवला.

म्हणाले, "एवढे लावून टाक."

मी म्हटलं, "आज नागपंचमी आहे, आबा. आज धार काढत नाहीत."

"कोण बघतंय?"

"आणि मी तर निसण्याला कधी हात लावलेला नाही."

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. मी रडले असते, आईनं मधे पडून दोघांना गप्प केलं असतं, झालं असतं. पण ते चिडले नाहीत. फडकं सोडता सोडता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाले, "मनगट धड असतं तर तुला कशाला बसवलं असतं, पोरी? वेळ आली म्हणून बसवलं. त्याचं एवढं काय घेऊन बसायचं." आई चुलीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, बस गं बाई, सणाच्या दिवशी वाद नको.

मी बसले. सोपानकाकांसाठी नाही आणि आबांसाठीही नाही. उद्या सकाळी त्या वस्तऱ्याखाली कुणीतरी बाप गेलेला माणूस मान घालून बसणार होता, त्यानं माझं काय केलं होतं? मी दगडावर पाणी सोडलं, वस्तरा टेकवला आणि आवाज ऐकत राहिले. लाल नखावर धार बघितली. चांगली लागली होती. इतकी चांगली मी त्याआधी लावली नसेन. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला त्या समाधानाचा इतका राग आला की अजून येतो. वस्तरे पुसून मी त्यांच्या हातात न देता जमिनीवर ठेवले आणि उठले.

दसरा आला. पूजा झाली, घाटावरचे सगळे जमले, बायका मागच्या खोलीत बसल्या, मीही बसले. कुणी कुणाला पुढे बोलावलं नाही. लग्न होऊन सिन्नरकडे जाईपर्यंत दुपारचं माझं काम चालूच होतं, कारण नाही म्हणायची सोय आमच्या घरात मुलींना नव्हती. फक्त एक गोष्ट माझ्या हातात होती, ती मी केली. नागपंचमीच्या त्या संध्याकाळनंतर मी त्यांना आबा म्हणून हाक मारली नाही. जेवायला बोलवायचं असलं तर जवळ जाऊन पान वाढलंय म्हणायचे. गंगेवर निरोप घेऊन गेले तर समोर जाऊन उभी राहायचे, त्यांनी वर बघेपर्यंत. मी रोज वाट बघत होते की ते विचारतील, काय गं, हल्ली हाक मारत नाहीस. त्यांनी विचारलं नाही. आईच्या मात्र लक्षात आलं. पोरगी आता मोठी झाली, लग्नाची झाली, बापाला लाजायला लागली, असं ती शेजारच्या काकूला सांगत होती, आणि सांगताना तिला माझं फार कौतुक वाटत होतं.